वैद्यनाथरावांच्या चार आंघोळी

तंजावुरात भिंतीला भिंत लागून बावीस वर्षं राहूनही वैद्यनाथराव आपल्याला कितीसे कळले, असं कुणी विचारलं असतं तर अनिरुद्धरावांनी मोजक्याच गोष्टी सांगितल्या असत्या. निवृत्तीपर्यंत जवळच्या पापनाशमच्या तालुका कचेरीत नोकरी, रोज रेल्वेनं जाणं-येणं, मुलगा कोइंबतूरला, आणि सहा वर्षांपूर्वी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली बायको, राजम. याहून जास्त त्यांना सांगता आलं नसतं. बाकी जे ठाऊक होतं, ते भिंतीपलीकडून ऐकलेलं.

वैद्यनाथरावांना शौचावाटे रक्त जाऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांनी आतड्याची दुर्बिणीनं तपासणी सांगितली. संध्याकाळी एक लिटर आणि पहाटे एक लिटर औषधाचं पाणी प्यायचं. पोट धुऊन निघालं नाही, तर आतलं काही दिसत नाही. सोबत एक माणूस हवा म्हणून त्यांनी संकोचत अनिरुद्धरावांना विचारलं. राजमपाशी बसायला पुतणी भवानी पापनाशमहून यायची होती, पण सकाळी आठला. तोवर घरात दोघंच.

तंजावुरातली ती जुनी घरं लांबच लांब. राजम पुढच्या खोलीत, संडास पार मागे परसात. आणि राजमचं सोवळं कडक. संडासला जाऊन आलेल्यानं डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय तिला पाणी द्यायचं नाही, तिची कूस बदलायची नाही.

त्या संध्याकाळी अनिरुद्धराव ऐकत होते. राजमची हाक, ओल्या पावलांची लगबग, बादली, अंगावर पाणी, पुन्हा हाक. चार आंघोळी झाल्या. मग बादली वाजलीच नाही. पहाटेही नाही. जाऊन बसावं, असं त्यांच्या मनात आलं. पण न बोलावता आजारी बाईपाशी कसं जायचं? सकाळी वाचलेला पेपर ते पुन्हा वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अर्ध्यातच नळी बाहेर काढली. मळामुळे काही दिसत नव्हतं. औषध सगळं प्यायलात ना, असं नर्सनं विचारलं; वैद्यनाथराव हो म्हणाले. तिनं अनिरुद्धरावांकडे बघितलं, तर ते कॅलेंडर बघू लागले. वय असेल, साखर असेल, असं म्हणत डॉक्टरांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. तोवर रक्त जातच राहणार होतं.

परतीसाठी दोघं ऑटोत बसले. मग अनिरुद्धराव म्हणाले, "मी चार आंघोळी ऐकल्या."

"चारच केल्या. उरलेलं औषध मोरीत ओतलं."

"वहिनींना सांगायचं होतं, एक दिवस सोवळं बाजूला ठेवा म्हणून."

वैद्यनाथराव बाहेर बघत होते. "हात गेला, पाय गेला. घरात तिचं म्हणून तेवढंच चालतं. ते मी कसं काढून घेऊ?"

"पुढच्या वेळी मी बसतो वहिनींपाशी. आंघोळ करून."

"तिला उचलावं लागतं. तुमचं वय काय?"

"तुमच्याहून दोन वर्षांनी तरुण आहे."

वैद्यनाथराव हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

पंधरा दिवसांनी अनिरुद्धराव धोतर नेसून उंबऱ्यात उभे राहिले. राजमनं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "डोकं कोरडं दिसतंय. नुसते पाय ओले करून आलात होय?" ते निमूटपणे परत गेले आणि डोक्यावरून पाणी घेऊन आले. संध्याकाळभर त्यांनी तिला पाणी दिलं, कूस बदलली, टोमणे ऐकले. मधलं दार बंद होतं. पलीकडे, परसात, वैद्यनाथराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर औषधाचा जग घेऊन बसले होते. स्वतःच्याच घरात त्यांना पुढं यायची मनाई होती. राजमनं दोनदा विचारलं, "अजून आहेत ना तिथं?" पहाटेही तसंच झालं.

या वेळी आतलं सगळं स्वच्छ दिसलं. गाठही दिसली.

मुलगा दोघांना कोइंबतूरला घेऊन गेला. तिथं ऑपरेशन झालं, पण वैद्यनाथराव परत आले नाहीत. तीन महिन्यांनी ते गेल्याचं भवानीनं फोनवर सांगितलं. आधीचे ते पंधरा दिवस वाया गेले नसते तर ते वाचले असते का, हे तिला विचारायचं अनिरुद्धरावांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

ते कोइंबतूरला निघाले, त्या दिवशीही अनिरुद्धरावांना काहीतरी बोलायचं होतं. राजमला मागच्या सीटवर निजवलं होतं. वैद्यनाथरावांनी गाडीची काच खाली केली.

"दूधवाल्याला सांगाल का, उद्यापासून नको म्हणून?"

"सांगतो. किती दिवस?"

"सध्या नको म्हणा."

"बरं."