घोटीच्या आत्या आणि हजार पानं

हजार पानांची कादंबरी मोठ्याने वाचून दाखवतो, असं मी घोटीच्या आत्यांना कबूल करून बसलो. मागितली कुणी नव्हती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाचायला बंदी केली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पेपरातल्या चार ओळी वाचून दाखवत जा रे." पण मला बिल्डिंगमध्ये साहित्यिक म्हणून मिरवायचं होतं.

सातपूरला आमच्या समोरच्याच दारात त्या एकट्या राहायच्या. घोटीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्धवट सोडलेलं काही दिसलं, की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "ताटात घेतलंस ना? मग संपव!" हे त्या फक्त जेवणाऱ्याला म्हणत नसत. खालच्या मजल्यावरच्या पोराने तबल्याचा क्लास सोडला, तर त्यांनी त्याला कान धरून परत नेऊन बसवला. त्याचे परिणाम सगळी बिल्डिंग वर्षभर ऐकत होती.

कारखान्यातली फर्स्ट शिफ्ट सुटली, की मी आत्यांकडे हजर. पहिली दोनशे पानं आवाज बदलबदलून वाचली. चारशेच्या आसपास माझ्यातली हवा गेली. पुस्तक उघडताना सेकंड शिफ्टही मलाच लागल्यासारखं वाटायचं. सोडावं, तर आत्या ताट संपवायला लावणाऱ्या. त्या दुखावल्या, तर ते दार आणि दारामागचा आल्याचा चहा, दोन्ही बंद.

त्या दिवसांत वाचन सुरू झालं, की त्यांना डुलकी लागायची. एका दुपारी त्या चक्क घोरताहेत असं बघून मी बोटाला लागली तेवढी पानं उलटली आणि वाचत राहिलो.

"थांब." काळ्या चष्म्यामागून आवाज आला. "काल त्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं. आज बारसं कुणाचं?"

मी घाईघाईने पानं मागे उलटू लागलो.

"लग्नाला आपल्याला बोलावलं नाही वाटतं?"

"आत्या, चुकून एखादं पान..."

"मिटव ते! आठवडाभर झोपेचं सोंग करून मान अवघडली माझी. हा उठून जाईल म्हणून मी घोरतेय, तर हा आपला वाचतोच आहे!"

"पण ताटात घेतलेलं..."

"ताटातलं म्हटलं होतं मी. हे पंगतीचं पातेलं आहे."

कादंबरी त्यांच्याच कपाटावर गेली. परत मागायची माझी छाती नव्हती, इच्छा तर त्याहून नव्हती. अंगावरून गोणी उतरल्यासारखं वाटलं. पुढे मी पेपरातल्या वधू-वरांच्या जाहिराती वाचायचो आणि आत्या एकेका स्थळात खोट काढायच्या. चहा दुप्पट गोड लागायचा.

काही वर्षांनी त्या मनमाडला भाचीकडे कायमच्या निघाल्या. सामान रिक्षात ठेवताना त्यांनी पिशवीतून तीच कादंबरी काढून माझ्या हातात दिली. मला वाटलं, रद्दीत घालायला देताहेत. पण शेवटच्या पानात खुणेचं बसचं तिकीट होतं.

"वाचलीत?"

"नवा चष्मा आला तेव्हाच. मग पुन्हा एकदा."

"आणि... कशी आहे?"

रिक्षात पदर सावरून बसत आत्या म्हणाल्या, "पुस्तक चांगलं आहे रे. वाचणारा भिकार होता."