दोन नावं, एकच ॲरे

लग्नात सुटलेलं शिक्षण प्रेरणानं पस्तिशीत पुन्हा धरलं. बाभुळगावात ब्लाउज शिवत शिवत ती यवतमाळच्या एका कॉलेजातून बीसीए करत होती. बाकी विषय निघाले. जावा या संगणकाच्या भाषेच्या प्रॅक्टिकलनं मात्र झोप उडवली. मागच्या खेपेला तिनं पाच जागांच्या ॲरेत, म्हणजे एकाच नावाखाली ओळीनं मांडलेल्या जागांत, सहावा आकडा ठेवायला घेतला, पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली आणि ती घाबरून उठूनच आली होती.

आज संघदीप, तिचा नवरा, मोटरसायकलवर तिला परीक्षेला नेत होता. मागं बसून ती पुटपुटत होती. ॲरे लिहिताना चौकटी कंस नावाआधीही चालतो, नावानंतरही. परीक्षकाला नाही चालला तर?

“काय बडबडून राह्यली?”

“मले नाही जमत हो. वापस जाऊ का?”

“मागच्या वेळी उठून आली अन् वर्षभर रडली. आज उठू नको, बस.”

प्रश्न सोपा दिसला: पाच मुलांचे गुण ॲरेत ठेवा, प्रत्येकाचे दोन वाढवा, जुने-नवे दोन्ही दाखवा. तिनं ‘जुने’ नावाचा ॲरे केला, ‘नवे’ला तोच बरोबरच्या (=) चिन्हानं दिला आणि नव्यात गुण वाढवले. चालवून पाहिलं तर जुनेही वाढलेले! लाल अक्षर एकही नाही, तरी उत्तर चूक. शेजारच्या पोरी संपवून निघाल्या होत्या. तिची नजर दाराकडं गेली, पण ती उठली नाही.

एकच आकडा ठेवणाऱ्या साध्या व्हेरिएबलचं तसंच करून पाहिलं. तिथं जुना आकडा जागच्या जागी राहिला. म्हणजे ॲरेचं नाव आकडे धरत नाही. आकडे कुठं आहेत, तेवढंच धरतं! तिनं ‘नवे’साठी वेगळ्या जागा मागितल्या आणि शून्यापासून चारपर्यंतच्या पाचही जागांत एकेक आकडा उतरवून मग वाढवला. आता जुने हलले नाहीत.

परीक्षक मॅडम मागं येऊन उभ्या होत्या. “एवढा व्याप काहून केला? सरळ दिला असता.”

“सरळ दिला तर दुसरा ॲरे होतच नाही, मॅडम. नावं दोन, आकडे तेच.”

मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि त्या पुढं गेल्या. चांगलं की वाईट, कळलं नाही. बाहेर येताच प्रेरणाला नळापाशी उलटी झाली.

महिन्याभरानं निकाल लागला. पास झाली होती. तिनं संघदीपच्या हातात मोबाइल दिला, “तुम्ही वाचा बरं एकदा. माझंच नाव आहे ना?”