दुसऱ्या गाठीचा ठिपका

पुंजाला फुटबॉल खेळता येत नसे, पण मैदान आखावं ते पुंजानंच, हे नाशिकमधल्या प्रत्येक संघाला ठाऊक होतं. पेठकडच्या एका पाड्यावरून तो शहरात मजुरीला आला, एका क्रीडामंडळाच्या मैदानावर गवत कापायला लागला आणि तिथलाच होऊन गेला. बारा वर्षं झाली, तरी रोजंदारीवरच. मंडळाची मोजपट्टी तुटली तेव्हा त्यानं घायपात कुटून, वळून स्वतःच एक दोर केला. खेळाच्या मास्तरांकडून मापं घेऊन त्यात तीन गाठी मारल्या. पहिली छोट्या चौकोनाची, दुसरी पेनल्टीच्या ठिपक्याची, तिसरी मोठ्या चौकोनाची. गोलरेषेवर खुंटी ठोकायची, दोर ताणायचा आणि गाठीखाली फक्की सोडायची. झालं मैदान.

१९९८च्या डिसेंबरात मंडळानं आंतरराष्ट्रीय क्लबांची स्पर्धा भरवली. काठमांडूचा एक क्लब, ढाक्याचा एक, कोलंबोचा एक आणि पाच आपल्याकडचे. हरला तो घरी गेला, दुसरी संधी नाही. सेक्रेटरी योगेशदादांनी पुंजाला बाजूला घेतलं.

"पुंजामामा, एवढी स्पर्धा नीट पार पडू दे. जानेवारीच्या मीटिंगला तुमचं नाव घेतो. कायम करून टाकू."

"कायम म्हंजे, कागदावर?"

"कागदावर! सहीशिक्क्यासकट!"

घरी बायकोनं, फुलाबाईनं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटायचीच विसरली. "दादा असा बोलला? खरंच?"

"भाकर जळतेय."

"जळू दे. आधी परत सांग, कसा बोलला."

पहिल्या दिवशी पंचांनी टेप लावून सगळ्या रेषा तपासल्या. "एक बोटसुद्धा इकडंतिकडं नाही," म्हणाले. पुंजाची छाती फुगली. पण त्या दिवशीच्या सामन्यात पूर्वेकडच्या गोलासमोरची माती पार उखडली, ठिपकाही पुसला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माती भरली, धुमसानं ठोकली आणि दोर काढायला गेला. दोरावर फक्की आणि चिखलाची पुटं चढलेली. परदेशी माणसं बघणार, आणि आपला दोर हा असा? पुंजानं तो हौदात बुडवला, कपड्याच्या साबणानं घासघासून धुतला आणि ओल्या दोरानंच ठिपका टाकला. पंचांनी आज टेप काढलीच नाही. नुसती नजर फिरवली आणि मान डोलावली.

चार वाजता काठमांडू विरुद्ध मुंबई. काठमांडूचा गोलकीपर टेकबहादूर सामन्याआधी पुंजाशेजारी बसून चहा प्यायला होता. "दाइ, ये मिट्टी आपने डाला? बढ़िया है." पुंजाला असं दादा म्हणून कुणी विचारल्याला वर्षं लोटली होती.

गोलामागे आपली पोरं चेकाळलेली. "ए शाब! गेट उघड की!" "ए शाब, शिट्टी कुठंय तुझी?" टेकबहादूर मागं वळून बघायचासुद्धा नाही. दोन मिनिटं उरली असताना पूर्वेकडच्याच गोलावर मुंबईला पेनल्टी मिळाली. चेंडू सुटला, टेकबहादूरनं उजवीकडं झेप घेतली, चेंडू त्याच्या बोटांना लागला आणि तरी आत गेला. एक-शून्य. काठमांडूच्या प्रशिक्षकानं टोपी जमिनीवर आपटली. तो काय ओरडत होता ते पुंजाला कळलं नाही, पण कुणाकडं बोट दाखवत होता ते कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुंजानं पुन्हा दोर ताणला. दुसरी गाठ कालच्या ठिपक्याच्या पुढं गेली. एक हातभर पुढं.

खुंटी सरकली असेल म्हणून त्यानं परत ठोकली. परत हातभर. फुलाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा तो दोर मांडीवर घेऊन मातीत बसलेला.

"काय झालं?"

"दोर वाढला."

"वाढतो काय दोर? काल धुतला व्हता का?"

पुंजानं हौदाकडं बोट केलं.

"अहो, खाट भिजली का दोर आखडतो. दर पावसाळ्यात पायथ्याची दोरी तुम्हीच सैल करता ना?"

तोच करत असे. खाटेचं माहीत असलेलं मैदानावर आठवलं नव्हतं. काल दोर आखडला होता, आज वाळून पूर्ववत झाला होता. तेवढ्यानं ठिपका गोलाच्या हातभर जवळ आला होता, आणि चेंडू तर बोटांना लागला होता.

तो तडक योगेशदादांकडं गेला. दादांनी सगळं ऐकून आधी दार लोटलं.

"कुणी बघितलं?"

"म्या बघितलं ना."

"मग विसरून जा. परदेशी क्लबला कळलं तर पुढच्या वर्षी कुत्रं येणार नाही इथं. आणि मीटिंगला तुझं नाव मी कोणत्या तोंडानं घेऊ?" तुमचं होतं ते तुझं झालं, हे पुंजाच्या कानानं टिपलं.

"पण दादा, त्या कीपरला शिव्या बसल्या."

"तो आज जाईल, उद्या विसरेल. तुला मात्र इथंच राहायचंय."

फाटकाशी काठमांडूवाल्यांची बस उभी होती. टेकबहादूर मागच्या बाकावर एकटाच. पुंजा दोर आणि पाण्याची बादली घेऊन बसच्या दाराशी उभा राहिला.

"कल का ठिपका आगे था. एक हात. मेरा गलती. दोर मैं धोया."

कुणाला काही कळेना. मग त्यानं दोर जमिनीवर ताणून दाखवला, गाठीपाशी खडा ठेवला, दोर बादलीत भिजवून पुन्हा ताणला. गाठ खड्याच्या अलीकडंच राहिली. टेकबहादूर खाली उतरला. खड्यापाशी वाकला, मग बोटाचं पहिलं पेर दाखवून म्हणाला, "दाइ, इतना छुआ था." तो हसला नाही, पुंजाच्या पाठीवर हातही ठेवला नाही. त्यानं आपल्या भाषेत प्रशिक्षकाला हाक मारली.

तक्रार झाली. पंच म्हणाले, हरकत सामना संपल्यावर तासाभरात घ्यायची असते. निकाल बदलत नाही. बस दोन तास उशिरा सुटली. निघताना प्रशिक्षकानं टेकबहादूरला मागून उठवून पुढं आपल्याशेजारी बसवलं, एवढंच पुंजानं पाहिलं.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव निघालं नाही. स्पर्धा पुन्हा भरली नाही, आणि ती पुंजामुळं बुडाली असं मंडळात सर्रास बोललं जाई. दादा पुढं दोन वर्षं त्याच्याशी थेट बोलले नाहीत, निरोप पाठवत. फुलाबाई एकदाच म्हणाली, "सांगायला नको व्हतं, असं म्या म्हणणार नाय. पण कागद हवा व्हता बाबा." त्यानं तो दोर खाटेला बांधून टाकला.

लोखंडी टेप आली. २००६ साली गुडघे गेले तोवर पुंजा रोजंदारीवर त्याच टेपनं आखत राहिला. ठिपका टाकून झाला की दोन्ही संघांच्या कीपरांना हाक मारायचा. ते वैतागत, थट्टा करत.

"मामा, टेपवर पण भरवसा नाय का तुमचा?"

"टेपवर हाय. माझ्यावर नाय," पुंजा म्हणायचा. "पायानं मोजून घे. कमी भरलं तर आत्ता बोल, मॅच झाल्यावर नको."