वीस हजार अधिक वीस हजार

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी संगणकाचा विषय शिकवतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा असते. तिच्यासाठी सात वर्षं जे पुस्तक लावलेलं होतं, ते आता हातात घेतलं तरी मला शिसारी येते. पातळ पुस्तक, गुळगुळीत चकचकीत मुखपृष्ठ, आत मळकट कागद. ते मीच निवडलं होतं.

निवड केली तो दिवस आठवतो. स्टँडजवळच्या पुस्तकाच्या दुकानात माझ्यापुढे दोन पुस्तकं होती. एक हे. दुसरं जाडजूड, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वीसेक प्रश्न देणारं आणि उत्तरं कुठेच न देणारं. ‘हा प्रोग्राम तुमच्या यंत्रावर चालवा, काय येतं ते पाहा आणि का येतं ते लिहा,’ असं ते सारखं सांगायचं. त्याची एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत होती. आदल्या रविवारी ती घेऊन मी तिसऱ्या प्रकरणाचे प्रश्न सोडवायला बसलो होतो. वीसपैकी अकरा आले. त्यातल्या दोन प्रश्नांना सगळी दुपार गेली. उरलेले नऊ एखाद्या मुलाने वर्गात विचारले तर काय करायचं, हा विचार दुकानात शिरताना माझ्या डोक्यात होता.

“सर, जाड पुस्तक पोरं वाचत न्हाईत,” दुकानदार म्हणाला. “घेतलं तर दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावत्यात. हे पातळ लावा. जर्नलचा क्रम बी तुमच्याच सिलॅबसचा हाय. तुमाला शिकवायचं बी काम न्हाय.”

मी हसलो आणि म्हणालो, “पोरांची सोय बघायला पाहिजे.” पोरांची सोय. हे दोन शब्द मी पुढे मीटिंगमध्येही वापरले. लायब्ररीतली ती जाड प्रत मी परत केलीच नाही. माझ्या नावावर ठेवून कपाटात टाकली. सवडीने वाचू, असं स्वतःला सांगितलं.

त्या पातळ पुस्तकातले प्रोग्राम एका फार जुन्या, निळ्या पडद्याच्या कंपायलरवरच चालायचे. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं संगणकाला समजेल असं करून देणारा प्रोग्राम. आमच्या लॅबमध्ये नवे संगणक आले, तेव्हा खटपट करून त्यांच्यावर हा जुनाच कंपायलर बसवला गेला. का, तर पुस्तकातलं उत्तर आणि पडद्यावरचं उत्तर जुळलं पाहिजे. पुस्तक बदलण्याऐवजी आम्ही नवी यंत्रं म्हातारी केली.

तसं कुणी चालवतही नव्हतं म्हणा. जर्नलमध्ये उजव्या, रेघांच्या पानावर प्रोग्राम आणि डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने उत्तर, अशी पद्धत. मुलं दोन्ही पुस्तकातून उतरवायची. एका तासात मी तीस जर्नलांवर लाल सह्या ठोकायचो. पानं न वाचता.

त्यात एक प्रोग्राम दोन संख्यांच्या बेरजेचा होता. वीस हजार अधिक वीस हजार. पुस्तकात उत्तर छापलं होतं : उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस. जुन्या कंपायलरवर हे खरोखर येतं. त्याच्याकडे पूर्ण संख्येला जागाच थोडी असते. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे गेलं की आकडा उलटून उण्यात जातो. नव्या कंपायलरवर सरळ चाळीस हजार येतं. पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं. फक्त उत्तर होतं, आणि ते वर्षानुवर्षं साठ-साठ मुलांनी पेन्सिलीने उतरवलं. कुणालाही काही खटकलं नाही.

एका मुलीला खटकलं. ती रोज इचलकरंजीहून एसटीने यायची. वडील यंत्रमागावर पाळीने कामाला. जर्नल तपासायच्या तासाला ती टेबलापाशी आली.

“सर, माझं चाळीस हजार येतंय.”

“कुठे चालवलंस?”

“मोबाइलवर. घरात कॉम्प्युटर न्हाय.”

“मोबाइलवर काय वाटेल ते येतं. पुस्तक बघ.”

“पुस्तक बघितलं की सर. वीस हजारात वीस हजार मिळवल्यावर उणे कसं हुतंय, तेवढंच सांगा.”

“अगं, तुझ्या मोबाइलला इचलकरंजीचं पाणी लागलंय,” मागून एक जण म्हणाला. वर्ग हसला. मीही हसलो. आणि तिच्या पानावर लाल फुली मारून ‘पुन्हा लिहा’ असं लिहिलं.

त्याच दुपारी स्टाफरूममधल्या संगणकावर, ज्याच्यावर नवा कंपायलर होता, मी तो प्रोग्राम चालवला. चाळीस हजार. कपाटातलं जाड पुस्तक काढलं. दुसऱ्याच प्रकरणात कारण स्पष्ट लिहिलेलं होतं. समजायला पाच मिनिटं लागली. इकडेतिकडे बघून मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि पुस्तक परत आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन वाक्यं बोललो असतो तरी भागलं असतं. बोललो नाही. तिने पान पुन्हा लिहून आणलं होतं. उण्याचा आकडा इतक्या फिक्या पेन्सिलीने काढलेला की नीट दिसतही नव्हता. मी सही केली.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी ती परत आली.

“सर, लायब्ररीत ते जाड पुस्तक तुमच्या नावावर हाय म्हणत्यात. दोन दिवस द्याल का?”

“जर्नल पूर्ण झालंय का तुझं? आधी ते कर. ते पुस्तक तुला झेपायचं नाही.”

“झेपंल तेवढं वाचते की. दर सत्राला साठ टक्के पायजेत सर. मगच पुण्याच्या कंपनीच्या इंटरव्ह्यूला बसू देत्यात. न्हाय तर वडील म्हणत्यात, सुताच्या व्यापाऱ्याकडं बिलं करायला जागा हाय, तिकडं जा.”

पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. मी म्हणालो, “बघू.”

तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक आले. त्यांच्या हातातही तेच पातळ पुस्तक. आमच्यासारखंच त्यांनीही लावलेलं. त्यांनी पान उघडून नेमका तोच प्रोग्राम विचारला. ती म्हणाली, “चाळीस हजार.” मग तिने कारणही सांगितलं : जुन्या कंपायलरवर उणे येईल, नव्यावर नाही, यंत्रागणिक जागा बदलते. जाड पुस्तकात जे होतं, ते तिने मोबाइलवर आणि लॅबमधल्या जुन्या कंपायलरवर चालवून चालवून स्वतः शोधलं होतं. परीक्षकांनी पुस्तकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“काय सर?”

तिनेही माझ्याकडे पाहिलं.

“पुस्तकात उणे आहे,” मी म्हणालो.

पंधरापैकी चार गुण पडले. सत्राचे तिचे एकूण एकोणसाठ टक्के आणि वर काही झाले. दोन वर्षांनी कंपनी आली, तेव्हा बाकी सगळ्या सत्रांत साठच्या पुढे असूनही तिचं नाव यादीत नव्हतं. यादी नोटीस बोर्डावर लावायला मीच गेलो होतो.

यंदा सीच्या जागी पायथन ही भाषा आली आणि पुस्तक निवडायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. मी त्याच दुकानात गेलो. त्याच पातळ पुस्तकवाल्यांनी पायथनचंही पुस्तक काढलं होतं. चाळलं. तीच बेरीज, वीस हजार अधिक वीस हजार. पडद्यावर उत्तर दाखवणारी ओळ तेवढी बदललेली. खाली उत्तर : उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस.

पायथनमध्ये पूर्ण संख्येला अशी हद्दच नसते. जगातल्या कुठल्याही यंत्रावर तिथे चाळीस हजारच येणार. म्हणजे लिहिणाऱ्याने, तपासणाऱ्याने, छापणाऱ्याने, एकानेही ही चार ओळींची बेरीज चालवून पाहिली नव्हती.

“तोंड का वाकडं केलासा सर?” दुकानदाराने विचारलं.

“हे कुणी चालवून बघितलंय का?”

“चालवायला ती काय मोटर हाय व्हय? खपतंय न्हवं? तुमच्याच कॉलेजात सात वर्सं चाललंय की पयलं.”

त्याचं खरं होतं. त्या पुस्तकाचा मला राग आला, पण राग फार वेळ टिकला नाही. त्या लोकांनी निदान चालवून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

पुढच्या शनिवारी मी इचलकरंजीला गेलो. ती शेवटी त्या सुताच्या व्यापाऱ्याकडेच लागली, असं तिच्या वर्गातल्या एकाने सांगितलं होतं; ऑफिस शोधायला वेळ लागला नाही. ती आत बिलं करत होती. मला बघून उठली, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो तसं तिनेच थांबवलं.

“काय काम काढलासा सर?”

“त्या तोंडी परीक्षेत तुझं उत्तर बरोबर होतं,” मी म्हणालो.

“माहीत हाय. तुमाला कधी कळालं?”

येताना एसटीत मी बरंच काही जुळवलं होतं. या वर्षी पायथनचं पुस्तक बघताना कळलं, असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही वाटलं असतं.

“तू जर्नल दाखवलंस त्याच दुपारी,” मी म्हणालो.

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता.

“मग परीक्षेत का बोलला न्हाईसा?”

“परीक्षकांपुढं माझी लाज गेली असती.”

“माझी गेली की,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चहा आला होता, तो तिने माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “मालक यायच्या आधी बिलं काढायची हायत. तुमी चहा घ्या.” मग ती पडद्याकडे वळली. मी चहा घेतला, कारण न घेणं आणखी वाईट दिसलं असतं.

सोमवारी पुस्तकांच्या यादीत मी पायथनचं एक जाड, उत्तरं नसलेलं पुस्तक लिहिलं. त्यातले सगळे प्रश्न मला येत नाहीत, हेही मीटिंगमध्ये सांगितलं. कुणीतरी हसलं. प्राचार्यांना तिच्या गुणांबद्दल लेखी दिलं. ते म्हणाले, तीन वर्षांपूर्वीचा निकाल आहे, आता काही होत नाही. खरंच होत नाही. ऑफिसात त्या सत्राची गुणपत्रिका काढून पाहिली. तिच्या नावासमोर पंधरापैकी चार आहेत, आणि खाली, अंतर्गत परीक्षक म्हणून, माझी सही आहे. तिच्या जर्नलमधला तो उण्याचा आकडा फिका होता; ही सही मात्र ठळक आहे.