पाच चेहऱ्यांचं कार्ड

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मला दोन गोष्टी उत्तम येत होत्या, ओरडणं आणि फॉर्म भरून घेणं. पहिलीला घरात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दुसरीचं काम धरलं. एका संस्थेला गावोगाव एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. लोकांना आरोग्याचं कितपत कळतं आणि डॉक्टरवर त्यांचा किती विश्वास आहे, हे मोजायचं होतं. विश्वास कसा मोजतात ते मलाही ठाऊक नव्हतं. पण इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत दुपारभर दुसऱ्यांच्या सुनांची उणीदुणी मोजण्यापेक्षा हे बरं होतं.

विश्वास मोजायला मला प्लॅस्टिकचं एक कार्ड दिलं होतं. त्यावर ओळीने पाच चेहरे, पहिला धाय मोकलून रडणारा आणि पाचवा बत्तिशी दाखवणारा. प्रश्न वाचायचा, कार्ड पुढे करायचं, माणूस ज्यावर बोट ठेवील त्याचा आकडा लिहायचा. शिवाय कुणाचं उत्तर कुणाला सांगणार नाही, अशी माझी सही घेतली. जिने तीस वर्षं स्टाफरूममध्ये काढली तिच्याकडून अशी सही घेणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण देणं. तरी मी केली.

गाव सायखेड्याच्या अलीकडचं, चहूबाजूंनी द्राक्षबागा. पहिल्या सकाळी आरोग्य केंद्रावरून गेले तर रांग व्हरांड्याच्या बाहेर आलेली. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगी. एका म्हाताऱ्याला गोळ्यांचं पाकीट दाखवून ती म्हणत होती, आता तुम्ही मला सांगा, कोणती कधी घ्यायची. दोनदा चुकला तरी तिने त्याला सोडलं नाही. तिसऱ्यांदा बरोबर सांगितल्यावरच त्याची सुटका झाली.

त्याचा परिणाम गल्लीत दिसला. आरोग्याच्या प्रश्नांना लोक फटाफट उत्तरं देत होते. बरं वाटलं तरी बीपीची गोळी थांबवायची नाही, हे एका ट्रॅक्टरवाल्याने मला ठणकावून सांगितलं. मी स्वतः बरं वाटलं की थांबवते, पण प्रश्न मी विचारत होते म्हणून निभावलं. हे कुणी शिकवलं विचारलं की सगळे एकच सांगायचे, डॉक्टरीणबाईंनी.

मग विश्वासाचा प्रश्न आला, मी कार्ड पुढे केलं आणि बोट रडक्या चेहऱ्यावर. शेजारच्या घरी रडका, त्याच्या पलीकडे रडका. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव डॉक्टरच्या नावाने रडून मोकळं झालं.

संस्थेच्या सरांनी आकडे पाहिले आणि मला फोनवर विचारलं, मॅडम, हे घरी बसून तर भरलं नाही ना? तीस वर्षं मी कॉपी करणारी पोरं पकडली. आता मलाच कुणी असं विचारावं याचा मला भयंकर राग आला. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी थेट डॉक्टरला फोन केला आणि गावाशी तुमचं काही बिनसलंय का, असं विचारून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तिने मला केंद्रात चहा दिला. स्वतःचा कप तिने उचललाच नाही. "काकू, मी यांच्याशी फार कडक बोलते का?" तिने विचारलं. मग म्हणाली, "बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय. जिथे आपण नकोसे आहोत तिथे कशाला राहायचं?"

मला तिची फार दया आली. माझी सही आडवी आली नसती तरी सांगणार काय, कारण मलाच माहीत नव्हतं. म्हणून मी उठले आणि तडक बागेत गेले. पहिला रडका चेहरा देणारी मावशी तिथे भेटणार होती. द्राक्षांची विरळणी करणाऱ्या बायांची ती मुकादम, आणि गावात तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही.

घडातले जादा मणी कात्रीने उडवता उडवता तिने सगळं सांगून टाकलं. आधीचा डॉक्टरही असाच गुणाचा होता. तेव्हाही कोणीतरी फॉर्म घेऊन आलं आणि गावाने तोंडभरून कौतुक केलं. चार महिन्यांत त्याला शहरात मोठ्या जागेवर नेलं आणि केंद्राला दोन वर्षं कुलूप लागलं.

"चांगलं म्हटलं का उचलून नेतात, ताई," मावशी म्हणाली. "मंग आमी ठरवलं, ही पोर लपवायची."

पलीकडच्या गावचा डॉक्टर मान वर करून पेशंटकडे बघत नाही. त्या गावालाही मावशीनेच शिकवलं होतं, त्याला हसरा द्या, म्हणजे नेतील. तिथे मी आधीच्या आठवड्यात जाऊन आले होते आणि ते आकडे बघून सर खूश झाले होते, ते मला आठवलं.

मी समजावलं, या फॉर्मवरून कुणाची बदली होत नाही, त्यावर डॉक्टरचं नावसुद्धा नसतं. तिने माझ्याच हातातलं कार्ड माझ्यापुढे धरलं. "तुमचा सोताचा इस्वास हे का ह्या फॉर्मावर? ठेवा बोट." माझं बोट बराच वेळ हवेत राहिलं आणि भिडेखातर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी टेकलं.

मग मी सांगितलं की तुमची पोर बदलीचा अर्ज लिहून बसलीय, तिला वाटतंय ती गावाला नको. कात्री थांबली. तसं पाहिलं तर मी कुणाचं उत्तर कुणाला सांगितलं नव्हतं. मावशीने कार्ड उद्यापर्यंत मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी विरळणीआधी सगळी टोळी केंद्रात, मागोमाग मी. मावशीने डॉक्टरच्या टेबलावर हसरा चेहरा ठेवला, विरळणीच्या कात्रीने कार्डातून कापलेला. "हा आमचा खरा आकडा," ती म्हणाली. "कागदावर आमी रडणारच. तुमी तिकडं ध्यान देऊ नका."

मुलगी आधी हसली आणि मग तिला रडू आलं. अर्ज काढून तिने मावशीच्या हातात दिला. मावशीला वाचता येत नव्हतं, पण आधी नीट वदवून घ्यायचं, ही डॉक्टरीणबाईंचीच शिकवण. तिने तो आधी मला मोठ्याने वाचायला लावला, बदलीचा अर्ज तोच याची खात्री केली आणि मग कात्रीने बारीक केला.

सरांना मी चार चेहऱ्यांचं कार्ड परत केलं. पाचवा कुठे विचारल्यावर सांगितलं, त्या गावात लागला नाही. अहवालात त्या केंद्रापुढे ‘विश्वास चिंताजनक’ असं छापून आलं आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

इंदिरानगरातले डझनभर दवाखाने सोडून मी आता बसने तिच्याकडे जाते. गोळी कधी घ्यायची ते माझ्याकडूनही ती वदवून घेते, आणि मी खोटं बोलले की तिला कळतं. गेल्या महिन्यात तिथल्या रांगेत बसले होते, तर टॅब घेऊन एक मुलगी आली. या डॉक्टरवर तुमचा किती विश्वास आहे, आजी? पडद्यावर पाच चेहरे. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मी चष्मा लावला आणि रडक्या चेहऱ्यावर बोट चांगलं दाबून ठेवलं.