कूलरच्या पंपाची जाळी

इराणच्या वाळवंटातल्या यज्द शहरात उन्हाळ्यात गच्चीवरचा कूलर बंद पडला, की घरातलं म्हातारं माणूस आधी गप्प होतं, मग अंथरूण धरतं. म्हणूनच कूलरला पाणी चढवणारा मुठीएवढा पंप सैफुल्लाच्या जिवाला लागून राहिला होता. पंपांच्या कारखान्यात, तपासणीच्या टाकीपाशी, त्याची एकोणीस वर्षं गेली होती.

पंप का मरतो, हे त्याने सहा उन्हाळ्यांपूर्वीच शोधलं होतं. इथलं पाणी क्षाराचं. त्याच्या खपल्या धरतात, त्या जाळीच्या मोठ्या भोकांतून आत शिरतात आणि पातं अडकतं. त्याची बहीण बतूल पंपाला जुना पातळ पायमोजा बांधायची. तिचा पंप चार उन्हाळे चालला. जाळी घेराने मोठी आणि भोकांनी बारीक करा, एवढंच त्याचं मागणं होतं. कियानूश इंजिनियर हसले. आता मोजे विकायचे का, म्हणाले. आणि पंप किती तासांनी बंद पडतो हे मोजणारं यंत्र त्यांनी आणलं. भिंतीवर तक्ते चढले. पंप पूर्वीसारखेच मरत राहिले.

"साहेब, आपण मढी मोजतोय," सैफुल्ला एकदा म्हणाला. "वैद्याला अजून कुणी बोलावलेलं नाही."

"ओस्ता," कियानूश म्हणाले; जुन्या कारागिराला तिथे असंच म्हणतात. "पंप तुमच्या जिभेसारखे चालले असते तर यंत्र लागलंच नसतं."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर हुकूम आला. यंत्राने पंपाचं आयुष्य नऊ महिने सांगितलं होतं. म्हणून हमी वर्षावरून आठ महिन्यांवर आणली.

सैफुल्लाने कागद तीनदा वाचला. दुसऱ्या सकाळी त्याने टाकीतलं गाळीव पाणी सोडून दिलं आणि बतूलच्या कूलरमधलं पाणी, खपल्यांसकट, डबे भरून आणून ओतलं. दुपारपर्यंत वीसपैकी सतरा पंप थांबले. नमुना नापास झाला की माल बाहेर जात नाही, हा कारखान्याचाच नियम. ट्रक फाटकात उभा राहिला.

कियानूश लालबुंद होऊन आले. तपासणी नासवलीत, म्हणाले.

"पाणी गच्चीवरचं आहे, साहेब. पंपही तिथेच जाणार आहेत."

इंजिनियरांनी टाकीतून थांबलेला एक पंप उचलला. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. झाकण कुठून उघडतं हे त्यांना सापडेना. सैफुल्लाने सांगितलं नाही. शेवटी ते निघालं, आणि पांढऱ्या खपल्या त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडल्या.

"जाळीचा साचा बदलायला किती दिवस?"

"अकरा," सैफुल्ला म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच संताप आला. अकरा दिवसांच्या कामासाठी सहा उन्हाळे तो नुसता सांगत राहिला होता.