ओटीतलं बी

पदवीनंतर पुढे शिकायला मी जो विषय घेतला होता तो घरी कुणालाच नीट समजावून सांगता आला नाही. नवी गोष्ट माणसांमध्ये कशी पसरते, असा तो विषय. नवं बी, नवं खत, नवं इंजिन. आधी कोण हात घालतो, कोण कुंपणावर बसून बघतो, कोण शेवटपर्यंत नाक मुरडतो, आणि हे सगळं नीट घडवून आणायचं असेल तर कुणी काय करायचं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे लोके पेरतीन आनि तू देखत बसशी?" मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. गावात मात्र सांगताना ते 'पोरगा शेतीचं मोठं शिकतोय' एवढंच सांगत.

मला तो विषय मनापासून आवडला होता, याचं कारण मी मुळातच तंद्रीतला माणूस. शेतकी कॉलेजातल्या दुपारच्या तासाला सर फळ्यावर वर्तुळं काढायचे, एकेक वर्तुळ म्हणजे एकेक शेतकरी, आणि एकाकडून दुसऱ्याकडे बाण. याने त्याला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. खडूची पांढरी पूड पंख्याच्या वाऱ्यावर तरंगत असायची आणि मला त्या फळ्यात तापीकाठ दिसू लागायचा. शहाद्याकडचे सपाट मळे, केळीच्या बागा, कापसाच्या काळ्या रानातून जाणाऱ्या गाडीवाटा, आणि त्या सगळ्यावरून हलकेच सरकणारे बाण. सर मध्येच थांबून म्हणायचे, "गेले वाटतं साहेब खानदेशात." वर्ग हसायचा. मी खरंच गेलेलो असायचो, त्यामुळे रागही यायचा नाही.

तेव्हा संकरित ज्वारी आमच्याकडे नुकती आली होती. तिचं बी गावागावांत कसं पसरतं ते पाहून प्रबंध लिहायचा, असं ठरलं. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. बाबांनीच आदल्या पावसाळ्यात ते बी आणून पेरलं होतं आणि कणसं अशी भरली होती की शेजारपाजारचे बांधावर येऊन हात लावून बघून जात. परीक्षा आटोपून मी उन्हाळ्यात गावी निघालो तेव्हा पहिलं वर्तुळ माझ्याच घराचं असणार याची मला मोठी गंमत वाटत होती.

घरी पोचलो तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती. आखाजीला आमच्याकडे लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. माझी धाकटी बहीण लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला आली होती आणि मी पोचायच्या आधीच सासरी परतली होती. झोक्याचा दोर अजून फांदीला तसाच होता. मला फार चुटपुट लागली. आईला विचारलं, काय दिलंस तिला?

आई भाकरी थापत होती. तिचा चेहरा उजळला. "वटीमा आपलं नवं बी दिधं," ती म्हणाली. "तिन्हा सासरले पेरतीन."

मी तसाच उभा राहिलो. आमच्याकडे बियाणं राखणं हे बायकांचं काम. पीक उभं असतानाच आई शेतात जाऊन चांगली चांगली कणसं हेरायची, ती वेगळी वाळवायची, झोडून दाणे राखेत घोळवायची आणि मडक्यात भरून तोंड लिंपून टाकायची. तिच्या आईनेही असंच केलं होतं. त्यामुळे संकरित ज्वारीचीही तिने सगळ्यात भरलेली कणसं निवडली, आणि लेकीची ओटी भरायची वेळ आली तेव्हा घरातलं सगळ्यात चांगलं तेच दिलं. यात चुकलं काहीच नव्हतं, फक्त ते बी तसलं नव्हतं. दोन वेगळ्या वाणांचं लग्न लावून ते तयार केलेलं असतं. पहिल्या पिढीला ते दृष्ट लागेल असं येतं, पण त्याच्या पोटचं बी पेरलं की एक धाट आजोबांवर जातं, एक आजीवर, एक कमरेइतकं राहतं, एक डोक्यावर जातं, आणि कणसांना मेळ उरत नाही. ते दरवर्षी विकतच आणावं लागतं. ग्रामसेवकाने हे सांगितलं होतं, पण ते ओसरीवर बाबांना. बाबा यंदाही विकतच आणणार होते. आईला सांगायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही, कारण तिच्या मडक्यात काय आहे ते त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी बहिणीच्या गावाला निघालो. ते म्हसावदच्या अलीकडे होतं. बैलगाडी मिळाली. ऊन असं होतं की वाटेतलं शिवार हलतंय असं वाटायचं. लांबच्या बाभळी जमिनीपासून सुटून पाण्यावर उभ्या राहिल्यासारख्या दिसत. गाडीवाला बैलांशी हळू आवाजात बोलत होता, मी त्याच्या मागे कडब्यावर आडवा पडलो होतो आणि डोळे मिटले की आमच्या घरापासून निघालेला तो बाण दिसायचा. तो पुरुषांच्या पारावरून गेलाच नव्हता. बहिणीच्या पदरात बांधून, याच वाटेने, अशाच गाडीत बसून तो गेला होता. मला त्या कल्पनेने मनापासून आनंद झाला. अर्धवट झोपेत मी हेही विसरून गेलो की मी तो बाण थांबवायला निघालोय.

पेरणी झाली नव्हती. तिच्या सासऱ्यांनी, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, मला बाजेवर बसवलं आणि पाणी येण्याच्या आधीच कौतुक सुरू केलं. बी आढ्याच्या खुंटीला फडक्यात बांधून टांगलेलं होतं. ते त्यांनी काठीने दाखवलं. विहिरीजवळचा तुकडा त्याच्यासाठी राखून ठेवला होता, दोनदा वखरला होता. "सूनबाईनी सांगं, हाई बी चांगलं शे," ते म्हणाले. "मी म्हनं, पेरूत." गावात पारावरही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी मान डोलावत राहिलो. या माणसाने आजवर घरात कुणाचा सल्ला घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं; लग्न ठरवताना आमच्या बाबांनी हेच एक काळजीने बोलून दाखवलं होतं. आणि आता सुनेच्या एका शब्दावर त्यांनी ओलिताखालचा तुकडा मोकळा ठेवला होता. ते पीक फसलं असतं तर त्या घरात तिचा शब्द पुन्हा कुणी विचारला नसता.

बहीण मला गोठ्यात भेटली. गव्हाणीत कडबा टाकता टाकता तिने पदराने तोंड पुसलं. "दादा, तू काबरं उना इतला उन्हामा?"

मी सांगितलं. कॉलेजात शिकलेलं सगळं सांगितलं, दोन वाणांचं लग्न, पहिली पिढी, दुसरी पिढी. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"माय खोटं बी देस का?" ती म्हणाली.

"खोटं नही शे. दुसरा साले ते तसं येत नही."

ती गव्हाणीच्या कडेला टेकली. गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गोठ्यात शेणाचा आणि वाळल्या चाऱ्याचा वास होता, कौलातून उन्हाच्या तिरप्या रेघा येत होत्या, त्यांत धूळ तरंगत होती. मला तिची फार कीव आली आणि स्वतःच्या शिक्षणाची चीडही आली. इतकं शिकून तिच्यासाठी मी आणलं काय, तर ही बातमी.

मी म्हणालो, मी आबांना सांगतो. शिकलेला माणूस आहे, पाहुणा आहे, माझं ते ऐकतील. सरांनी आम्हाला हेच शिकवलं होतं: नवी गोष्ट समजावायची असेल तर ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्या तोंडून ती जाऊ द्यावी. मी गाडीत त्याची जुळवाजुळवही करून आलो होतो.

तिने उरलेला कडबा गव्हाणीत ढकलला. मग म्हणाली, "तू सांगशी तं ते ऐकतीन. पन मंग ते तुन्हं ऐकतीन, मन्हं नही."

"मंग?"

"मी सांगसू."

पण कशी सांगणार, हे मला कळेना. आमच्याकडे नवी सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. पदर पुढे ओढून, दाराआडून, घरात जे कुणी असेल त्याला उद्देशून ती बोलते, आणि सासरा ऐकतो. सासराही उत्तर त्याच माणसाला देतो. बी चांगलं आहे हेदेखील तिने असंच, सासूकडे तोंड करून सांगितलं असणार. चांगली गोष्ट अशी आडून सांगता येते. वाईट कशी सांगायची?

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. आबा, माझे मेहुणे आणि मी. माझे मेहुणे मुखदुर्बळ, ताटाकडे बघून जेवणारे. सासूबाई वाढत होत्या. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी होती, ठेचा होता, कांदा होता. बाहेर निंबाखाली बैल रवंथ करत होते आणि दिवसभर तापलेल्या भिंतींतून अजून ऊब येत होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या.

"दादा," दाराआडून आवाज आला, "आबास्ले सांग, ते बी पेरानं नही."

सासूबाईंचा हात भाकरीवर थांबला. आबा समोरच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुन्ही बहीनले इचार, काबरं?"

मी विचारायला तोंड उघडायच्या आत तिकडून उत्तर आलं. तिने सांगितलं की हे बी पहिल्या साली येतं तसं दुसऱ्या साली येत नाही, लहानमोठं येतं, दरसाल विकत आणावं लागतं. मायला ते ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाही नव्हतं. आता कळलंय, म्हणून सांगतेय. आबांनी माझ्यामार्फत आणखी विचारलं, तिने माझ्यामार्फत उत्तर दिलं. प्रश्न माझ्या डाव्या कानाला येत होते, उत्तरं उजव्या कानाला. मी नुसता मध्ये होतो. इतक्या पुस्तकांत वाचलं होतं, बातमी कुणाकडून कुणाकडे कशी जाते, मध्ये कोण असतं. आणि तो मध्ये असणारा भिंतीइतकाच कामाचा असतो हे त्या ताटावर कळलं. मी एक शब्दही बोललो नाही. तिने माझं नावही घेतलं नाही, भाऊ शिकून आलाय, त्याने सांगितलं, असंही म्हणाली नाही. मला ते तेव्हा जरा लागलं, आणि लगेच त्यामागचं कारण समजलं.

आबांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी न पिताच परत ठेवला. पारावर त्यांनी जे सांगून ठेवलं होतं ते मला आठवत होतं, त्यांनाही आठवत असणार. मेहुण्यांनी भाकरी मोडायचं थांबवलं होतं. आता आबा काय बोलतात त्यावर माझ्या बहिणीचं त्या घरातलं सगळं आयुष्य बेतलेलं आहे असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात देवाचा धावा करू लागलो, जो मी कॉलेजात गेल्यापासून सोडून दिला होता.

मग आबांनी मान वळवली. माझ्याकडे नाही. मला ओलांडून दाराकडे, जिथे पदराचं टोक आणि बांगड्या भरलेला एक हात दिसत होता.

"मंग काय पेरसूत, बेटा?" ते म्हणाले. "तूच सांग."

सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. लग्नानंतर इतक्या महिन्यांत आबांनी सुनेला थेट असं काही विचारलं नव्हतं. तिला उत्तर द्यायचं होतं आणि ते माझ्याकडून द्यायची आता सोय नव्हती.

"यंदा घरनीच जुवार पेरा, आबा," ती म्हणाली. "पुढला साले नवं बी इकत आनूत. तव्हय पेरूत इहिरपाशी."

"बरं," आबा म्हणाले आणि जेवू लागले.

मी ताटावर वाकलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मेहुण्यांनी ते पाहू नये असं वाटत होतं. पुढे प्रबंध झाला, पुढली पदवी मिळाली, बाबांनी गावात पेढे वाटले. पण त्या ताटावर झाला तितका आनंद मला त्या दिवशीही झाला नाही.